अपील जिंकलं तरी बिल कोणाचं? डॉक्टर नवऱ्याच्या नियामकाला फॅमिली कोर्टाचा निकाल देण्याच्या वादातला खर्च

प्रश्न इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी ताईंचा आहे. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात सांगते. मुलांच्या ताब्याच्या आणि भेटीच्या प्रकरणात फॅमिली कोर्टानं आरोप खरे की खोटे हे ठरवणारी फॅक्ट-फाइंडिंग सुनावणी घेतली आणि नवऱ्यानं घरात मारहाण केली, धाकदपटशा दाखवला, असे निष्कर्ष नोंदवले. नवरा डॉक्टर आहे. हा निकाल डॉक्टरांची नियामक असलेल्या जनरल मेडिकल काउन्सिलला, म्हणजे जीएमसीला, द्यायची परवानगी ताईंनी मागितली. सर्किट जजनी ती नाकारली. त्या हायकोर्टात अपिलात गेल्या. जीएमसीनं तिथं आपला वकील पाठवून त्यांना पाठिंबा दिला. सुनावणी झाली आहे, निकाल राखून ठेवला आहे आणि आतापर्यंत २२,००० पाउंड गेले आहेत. "जिंकले तर हे पैसे कोण देणार? नवरा, जीएमसी की कोर्ट? हरले तर सगळ्यांचं बिल माझ्यावर येईल का? नाशिकहून भाऊ म्हणतो, हरलेल्यानंच भरायचं असतं, त्यात विचारायचं काय?"

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. जिंकलात तरी बहुधा तुमचा खर्च तुम्हालाच सोसावा लागेल. फार तर नवऱ्याकडून त्यातला काही हिस्सा मिळेल. जीएमसीकडून पैसे मिळण्याची आशा धरू नका. कोर्टाकडून किंवा सरकारी तिजोरीतून एक पेनीही नाही. आणि हरलात तर सगळ्यांची बिलं अंगावर येतील, ही जी धास्ती तुमच्या पत्रात दिसते, ती बरीचशी उतरवून ठेवा. जो नियम जिंकल्यावर तुमच्या आड येतो, तोच हरल्यावर तुमच्या पाठीशी उभा राहतो.

भाऊ सांगतात ते चूक नाही. ते भारतातल्या कायद्याबद्दल सांगताहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये खर्च निकालाच्या मागं जातो असंच गृहीत आहे. कोर्टानं तसं केलं नाही तर कारण लिहायला लागतं. प्रत्यक्षात आपल्याकडच्या कौटुंबिक न्यायालयांतल्या किती निकालांच्या शेवटी "खर्चाबाबत आदेश नाही" एवढंच असतं, ते भाऊंच्या ओळखीतला कुठलाही वकील सांगेल. भाऊंच्या मनात आणखी एक गोष्ट असणार: हिंदू विवाह कायद्याचं कलम २४. नवऱ्याकडून खटल्याचा खर्च चालू खटल्यातच मागायचा, तो रस्ता. इंग्लंडमध्ये त्याच्या जवळचा कायदा म्हणजे १९७३ च्या मॅट्रिमोनियल कॉझेस ॲक्टचं कलम २२ झेडए. पण ते घटस्फोट आणि त्याला जोडलेल्या पैशाच्या दाव्यांसाठी आहे. मुलांच्या प्रकरणातून निघालेलं, नियामकाला कागद देण्याबद्दलचं अपील त्या चौकटीत बसवता येत नाही.

साध्या दिवाणी दाव्यात इंग्लंडचा नियमही भाऊ म्हणतात तोच आहे: हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा. दिवाणी नियमावलीच्या ४४.२(२) मध्ये तो लिहिलेला आहे. पण फॅमिली प्रोसीजर रूल्स २०१० चा नियम २८.२ उघडा. दिवाणी खर्चाचे बाकी बहुतेक नियम तिथं कौटुंबिक कोर्टात आणले आहेत आणि नेमका हा एक बाहेर ठेवला आहे. त्याच्या जागी नियम २८.१ येतो. त्यात एवढंच म्हटलं आहे की कोर्टाला न्याय्य वाटेल तो आदेश करावा. इथले वकील याला "कोरी पाटी" म्हणतात. पाटी कोरी आहे, म्हणजे जिंकणाऱ्याच्या नावापुढं आधीपासून खूण नाही, आणि हरणाऱ्याच्या नावावर काटही नाही.

तुमचं प्रकरण खासगी स्वरूपाचं होतं, आई विरुद्ध वडील, म्हणून सर्किट जजच्या आदेशावरचं अपील हायकोर्टाच्या फॅमिली डिव्हिजनकडे गेलं आणि हेच नियम लागू झाले. कौन्सिलनं, म्हणजे स्थानिक प्रशासनानं, मुलं ताब्यात घेण्याचं प्रकरण असतं तर अपील कोर्ट ऑफ अपीलमध्ये गेलं असतं. तिथं दिवाणी नियमावली लागते, पण तिच्याच ४४.२(३) मध्ये कौटुंबिक अपिलांना हरणाऱ्याच्या नियमातून वगळलं आहे. रस्ता कुठलाही घ्या, पाटी कोरीच.

आता या कोऱ्या पाटीवर न्यायाधीश काय लिहितात? इथं दोन निकाल डोक्यात पक्के बसवा, कारण तुमच्याविरुद्ध आधी तेच उद्धृत होतील.

पहिला २०१२ चा, सुप्रीम कोर्टाचा, री टी. मुलांच्या लैंगिक छळाच्या प्रकरणात आजी-आजोबांवरही आरोप आले. बचावासाठी त्यांना खटल्यात उतरावं लागलं, पण लीगल एड, म्हणजे वकिलासाठीची सरकारी मदत, मिळाली नाही. कर्ज काढून सुमारे ५२,००० पाउंड भरले आणि ते निर्दोष ठरले. कोर्ट ऑफ अपीलनं त्यांचा खर्च कौन्सिलवर टाकला. सुप्रीम कोर्टानं तो आदेश उलटवला. लॉर्ड फिलिप्स यांच्या निकालाचा मतितार्थ असा: मुलांच्या प्रकरणात एखाद्या पक्षाचं वागणं निंद्य असेल किंवा त्याची भूमिका अवाजवी असेल, तरच त्याच्यावर खर्च टाकायचा. कौन्सिलनं आरोप कोर्टापुढं आणले ते कर्तव्य म्हणून. आरोप सिद्ध झाले नाहीत एवढ्यानं त्याला खर्चाचा भुर्दंड नाही.

दुसरा २०१५ चा, तोही सुप्रीम कोर्टाचा, री एस. इथं वडील अपील जिंकले होते. कोर्ट ऑफ अपीलचं म्हणणं असं की अपिलाची गोष्ट वेगळी, हरणाऱ्यानं भरावं. लेडी हेल यांनी ते मान्य केलं नाही. खालच्या कोर्टात लागणारं तत्त्वच अपिलातही लागतं. मात्र त्यांनी दोन खिडक्या उघड्या ठेवल्या. एक: खालचा निकाल हातात असताना कोण कसं वागलं, कशाला चिकटून राहिलं, हे अपिलात नव्यानं तपासता येतं. दोन: खर्च स्वतः सोसल्यानं कुटुंबाची खरोखर ओढाताण होऊन मुलाच्या हितालाच धक्का लागणार असेल, तर तेही पाहता येतं.

हे वाचून तुम्हाला वाटेल, संपलं सगळं. संपलेलं नाही. तुमच्या बाजूनं मी असते तर इथूनच सुरुवात केली असती.

मुलांच्या प्रकरणात खर्च न देण्यामागचं कारण काय? १९९४ मध्ये विल्सन यांनी, तेव्हा ते हायकोर्टाचे न्यायाधीश होते, लंडन बरो ऑफ सटन विरुद्ध डेव्हिस या निकालात ते फार छान सांगितलं आहे. मुलाच्या भवितव्याचा वाद असतो तेव्हा कोर्ट काही अंशी चौकशीच करत असतं. तिथं जिंकणारा एकच असावा, ते मूल. खर्चाच्या भीतीनं आई-वडील बोलायला कचरू नयेत, एक जिंकला, दुसरा हरला असा शिक्का बसून त्यांचं पुढचं सहकार्य अवघड होऊ नये, म्हणून खर्चाचा आदेश टाळायचा. पण तो खटला होता मुलं सांभाळणाऱ्या एका बाईंच्या नोंदणीचा. मुलांना चापट मारणार नाही अशी हमी द्यायला त्यांनी नकार दिला होता, म्हणून कौन्सिलनं नोंदणी नाकारली होती. कुठल्या एका मुलाच्या भवितव्याचा तो वाद नव्हता, त्यामुळं मुलांच्या खटल्यातलं खर्चाचं तत्त्व तिथं लागू पडलं नाही.

आता तुमचं अपील या कसोटीवर घासून बघा. मुलं कुठं राहणार, वडिलांना कधी भेटणार, हे त्यात ठरायचं नव्हतं. एक निकालपत्र जीएमसीच्या मँचेस्टरच्या टपाल पेटीत पडायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. असे कागद बाहेर द्यायचे की नाहीत हे ठरवताना कोर्ट १९९६ च्या री सी, म्हणजेच री ईसी, या निकालातले दहा मुद्दे तोलतं. त्या प्रकरणात बाळाच्या मृत्यूबद्दल वडिलांनी फॅमिली कोर्टात दिलेली कबुली पोलिसांना हवी होती. स्विंटन थॉमस यांनी तेव्हा यादी केली: मुलाचं हित, फॅमिली कोर्टाची गोपनीयता, लोकांनी तिथं मोकळेपणानं खरं बोलावं हा सार्वजनिक लाभ, आरोपाचं गांभीर्य, कागदाचा उपयोग किती, संस्थांनी एकमेकांशी सहकार्य करण्याची गरज, वगैरे. मुलाचं हित त्या यादीत आहे आणि वजनदारही आहे, पण मुलाच्या ताब्याच्या वादासारखं सर्वोच्च नाही. मग री टी मधलं कारण इथं जसंच्या तसं कसं लागू पडेल?

हा युक्तिवाद मी मनापासून मांडते. २००९ च्या बेकर विरुद्ध रो या निकालाची त्याला जोड आहे. तोपर्यंत विल्सन कोर्ट ऑफ अपीलमध्ये पोचले होते. पाटी कोरी असली तरी एक बाजू हरली, म्हणजे दुसऱ्या बाजूला खर्चात पाडण्याला तीच जबाबदार, ही गोष्ट बऱ्याचदा निर्णायक ठरू शकते, असं त्यांनी तिथं स्पष्ट केलं. ते प्रकरण पैशाचं होतं, मुलाचं नव्हतं. तुमच्या वकिलांनी म्हणायचं: आमचं अपील री टी पेक्षा बेकरच्या जवळ जातं.

पण तुमच्याशी खोटं बोलणार नाही. बहुतेक न्यायाधीश अशा अर्जाला मुलांच्या प्रकरणाचाच फाटा मानतात आणि री टी, री एस पासून फार लांब जात नाहीत. खटल्याचं शीर्षक अजून मुलांच्याच नावाचं असतं, कागद मुलांच्याच आयुष्यातले असतात. म्हणून खरा प्रश्न उरतो तो नवऱ्याच्या वागण्याचा, आणि तिथं नीट फोड करायला हवी.

नवऱ्यानं विरोध केला, एवढ्यानं तो अवाजवी ठरत नाही. त्याची नोंदणी, म्हणजे त्याचं पोट, पणाला लागलं होतं. शिवाय सर्किट जज त्याच्या बाजूनं बोलले होते. हातात आलेला निकाल राखायला उभं राहणं ही वावगी गोष्ट नाही. री एस मध्ये कौन्सिल ज्या कारणानं वाचलं ते हेच. पण विरोध कसा केला ते बघा. तुमच्या पत्रात दोन गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या जाता जाता लिहिल्या आहेत. पहिली, अपिलाच्या लेखी युक्तिवादात त्यानं मारहाण झालीच नव्हती असं पुन्हा म्हटलं. ज्या निष्कर्षांवर त्यानं अपील केलं नाही, ते या अपिलाच्या आडून पुन्हा उकरून काढले. दुसरी, तुमच्या सॉलिसिटरनी सुनावणीच्या सहा आठवडे आधी पत्र पाठवलं होतं: मुलांची नावं, शाळा, तब्येतीचे परिच्छेद काळे करून उरलेला निकाल जीएमसीला देऊ, पुढं कुठंही न देण्याच्या अटीवर. त्याला उत्तरच आलं नाही. ताई, तुमच्या फाइलमधले सर्वांत मोलाचे कागद हेच दोन. नवरा हरला यापेक्षा तडजोडीचा सरळ मार्ग समोर असताना तो गप्प राहिला, आणि मिटलेला वाद उकरून त्यानं सुनावणी लांबवली, हे न्यायाधीशांना खर्चाच्या आदेशाकडं नेऊ शकतं. तेही सगळ्या खर्चाचं नव्हे, त्या पत्रानंतरच्या खर्चाचं. माझ्या अंदाजानं तुम्हाला मागण्यासारखा आकडा तिथून सुरू होतो.

आता जीएमसी. इथं तुमचा राग मला समजतो. तुम्ही लिहिलं आहे, "रुग्णांचं रक्षण करायचं काम त्यांचं, आणि वकिलाचे पैसे मी दिले." हे शब्द वाचून मी बराच वेळ थांबले. माझ्या एका जुन्या अशिलानं, नर्स होती ती, कोर्टाच्या जिन्यात बसून जवळजवळ हेच म्हटलं होतं. तिच्या मांडीवर सँडविचचा न उघडलेला डबा होता आणि आत नियामकाचे दोन वकील आपली ट्रॉली बॅग बंद करत होते. तिनं स्वतःचा दागिना मोडून अपिलाची फी भरली होती. त्या दिवशी ती जिंकली, आणि खर्चाचा आदेश झाला नाही.

कायदा मात्र असा आहे. १९८१ च्या सीनियर कोर्ट्स ॲक्टच्या कलम ५१(३) नं खर्च कोणी आणि किती द्यायचा हे ठरवायची पूर्ण मुभा कोर्टाला आहे, खटल्यात पक्ष नसलेल्यालाही त्यात ओढता येतं. म्हणजे जीएमसीवर आदेश करायची ताकद कोर्टाकडं आहे. पण तुमचा खर्च जीएमसीमुळं वाढला नाही. ती तुमच्या बाजूनं उभी होती. ज्यानं विरोध केला नाही, चुकीचं काही केलं नाही, त्याच्याकडं बोट दाखवून पैसे मागणं या रचनेत बसत नाही. नियामक अशा ठिकाणी आपला खर्च आपण सोसतो, मागत नाही आणि देत नाही. हा लिखित नियम नाही, पण रोजची रीत आहे.

नियामकाशी उलट बाजूनं सामना झाला, म्हणजे नियामकानंच अर्ज केला आणि तो हरला, तर? अशा वेळी त्याचे वकील २००७ च्या बॅक्सेंडेल-वॉकर विरुद्ध लॉ सोसायटी या निकालाचा आधार घेतात. सार्वजनिक कर्तव्य म्हणून वाजवीपणे कारवाई करणाऱ्या नियामकावर, तो हरला म्हणून, खर्च टाकायचा नाही, असं तिथं ठरलं. नाहीतर तो पुढच्या वेळी कारवाईलाच धजणार नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सीएमए (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) विरुद्ध फ्लिन फार्मा या निकालात याला वेसण घातली. प्रत्येक सार्वजनिक संस्थेला सरसकट हे कवच नाही. खर्चाच्या भीतीनं त्या संस्थेचे हात खरोखर आखडतील का, हे त्या त्या ठिकाणी बघायचं. तुमच्या प्रकरणात या दोन्हींची गरज पडत नाही, कारण फॅमिली कोर्टाची पाटी मुळातच कोरी आहे. पण समोरून हे निकाल वाचले गेले तर दचकू नका. आणखी एक गफलत मी तरुण वकिलांकडून वारंवार ऐकते: मध्ये पडणाऱ्या संस्थेच्या खर्चाबद्दल २०१५ च्या क्रिमिनल जस्टिस अँड कोर्ट्स ॲक्टचं कलम ८७. ते फक्त ज्युडिशियल रिव्ह्यूसाठी, म्हणजे सार्वजनिक संस्थांच्या निर्णयांना कोर्टात आव्हान देण्यासाठी, आहे. फॅमिली अपिलात त्याचा काही संबंध नाही.

आणि कोर्ट? चूक जजची, मग सरकारनं भरावं, हा तर्क माणूस म्हणून अगदी पटणारा आहे. पण सरकारी निधीतून दिवाणी अपिलाचा खर्च द्यायचा अधिकार कोर्टाला नाही, हे हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टानं, १९९० च्या दशकातच स्टील फोर्ड विरुद्ध सीपीएस मध्ये ठरवून टाकलं आहे. एवढं मात्र तपासा: खालच्या निकालाची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शब्दशः लेखी प्रत, तुम्ही स्वतःच्या पैशानं घेतली का? अपीलकर्त्याची ऐपत नसेल तर ती सार्वजनिक खर्चानं मागण्यासाठी ईएक्स १०५ हा वेगळा फॉर्म आहे. अनेक जण तो न भरता सरळ ईएक्स १०७ भरून पैसे देऊन मोकळे होतात.

हरलात तर काय, याचं उत्तर वरच्या सगळ्यात आलंच आहे. री टी आणि री एस तुमचीही ढाल आहेत. तुम्ही अपिलाची परवानगी मिळवलीत, म्हणजे एका न्यायाधीशाला तुमच्या मुद्द्यात दम वाटला. नियामक तुमच्याशी सहमत आहे. तुमची भूमिका अवाजवी होती असं म्हणणं समोरच्याला जड जाईल. तुम्हाला लीगल एड असती तर २०१२ च्या लॅस्पो या लीगल एडबद्दलच्या कायद्याच्या कलम २६ नं आणखी संरक्षण मिळू शकलं असतं. ती नाही, तरी चिंतेचं कारण नाही. एकच धोका खरा आहे आणि तो विचारतेच: परवानगीच्या आधी तुम्ही तो निकाल, किंवा त्यातला उतारा, जीएमसीला ईमेलनं पाठवला होता का? एखाद्या मैत्रिणीला, तिच्या डॉक्टर नवऱ्याला, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर? १९६० च्या ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस ॲक्टचं कलम १२ अशा कागदांवर बसलेलं आहे. परवानगीशिवाय ते बाहेर देणं कोर्टाचा अवमान ठरू शकतं आणि खर्चाच्या वेळी तुमचं वागणं चर्चेत येतं. तसं काही झालं असेल तर आजच तुमच्या सॉलिसिटरना सांगा. त्यांना समोरच्या वकिलाच्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू द्या.

आता तो एन २६०, कारण शेवटी सगळं त्याच कागदावर येतं. खर्चाचं हे विवरण सुनावणीच्या किमान २४ तास आधी दाखल करायचं असतं. तुमच्या विवरणाची प्रत तुम्ही मला पाठवली, ती मी ओळ न् ओळ पाहिली. सॉलिसिटरचे ३८ तास, ताशी ३०० पाउंड, म्हणजे ११,४००. बॅरिस्टर ६,५००. दोन्हींवर २० टक्के व्हॅट, ३,५८०. कोर्ट फी, ट्रान्सक्रिप्ट आणि कागदपत्रांच्या बंडलची छपाई मिळून ५२०. बेरीज बरोबर २२,०००. पण ३८ तासांतले १४ तास "कागदपत्रांवर काम" या एका ओळीत आहेत आणि ते सगळे वरच्या ग्रेडच्या सॉलिसिटरच्या नावावर आहेत. न्यायाधीशांचं पेन आधी तिथंच थांबतं. बंडल लावणं, पानांवर आकडे घालणं हे काम ग्रेड डीच्या, म्हणजे शिकाऊ किंवा सहायक, माणसाचं आहे. ग्रेड एचा, म्हणजे सर्वांत अनुभवी सॉलिसिटरचा, दर त्याला मिळत नाही. त्या १४ तासांची फोड करून घ्या: किती युक्तिवादावर, किती नवऱ्याच्या जुन्या मुद्द्यांना उत्तर देण्यावर, किती काळ्या करायच्या परिच्छेदांवर. दुसरा आकडा तुमच्या सर्वांत उपयोगाचा आहे, कारण तो खर्च त्यानं वाढवलेला आहे. आणि आदेश झालाच तर तो बहुधा "स्टँडर्ड" पद्धतीनं होईल, म्हणजे वाजवी आणि प्रमाणात असेल तेवढंच. तडजोडीच्या पत्रानंतरचे, समजा, १२,००० पाउंड मान्य झाले तरी हातात पडतील ते त्याहून कमी. हा आकडा मनाशी धरूनच मुलांच्या शाळेचं आणि घरभाड्याचं गणित मांडा.

तुमच्यासारख्या वळणावर उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणासाठी इथं एक गोष्ट लिहून ठेवते. नियामकाला कागद द्यायचा असेल तर अर्ज स्वतः करण्याआधी नियामकालाच पत्र लिहा. कागद किंवा त्यातला मजकूर पाठवायचा नाही. फॅमिली कोर्टात एक प्रकरण झालं आहे, त्यातला निकाल तुमच्या कामाशी संबंधित असू शकतो, तुम्ही परवानगीसाठी अर्ज करणार का, एवढंच विचारा, आणि हे पत्रही वकिलाला दाखवून पाठवा. १९८३ च्या मेडिकल ॲक्टच्या कलम ३५ए नं जीएमसीला माहिती मागवायचा अधिकार आहे, पण दुसऱ्या कायद्यानं मनाई असलेली माहिती त्यातून ओढून घेता येत नाही. म्हणून परवानगी लागतेच, आणि ती नियामकालाही मागता येते. अर्ज त्यांचा असेल तर खर्चाचा मोठा भाग त्यांच्या वकिलांवर पडतो आणि तुम्हाला एक पानी पाठिंबा पुरतो. सोशल वर्करांची नियामक सोशल वर्क इंग्लंड असो, नर्सेसची नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिल असो, हीच गोष्ट. गेल्या काही वर्षांत असे वाद वाढलेले मला दिसतात. २०२३ मध्ये घरगुती हिंसेचे निष्कर्ष सोशल वर्क इंग्लंडला देण्याचा प्रश्न तर री झेड या नावानं हायकोर्टापर्यंत गेला होता. पीडित बाईनं स्वतःच्या पैशानं सार्वजनिक संरक्षणाचं काम करायचं, आणि जिंकूनही रिकाम्या हातानं घरी जायचं, हे बदलायला हवं. निष्कर्ष नोंदवले गेल्यावर नियामकाला कळवायचं की नाही, हे कोर्टानं स्वतःहून त्याच सुनावणीत ठरवावं आणि नियामकानं आपल्या खर्चानं हजर राहावं, असं मला ठामपणे वाटतं. तसं झालं असतं तर तुमचे २२,००० पाउंड तुमच्याकडं राहिले असते.

आता तातडीचं. राखून ठेवलेला निकाल आधी मसुदा म्हणून वकिलांकडं येतो, गोपनीय, आणि त्यासोबत खर्चावर म्हणणं मांडायला मोजके दिवस मिळतात. तेव्हा धावपळ नको. आत्ताच तीन पानांचं टिपण तयार ठेवायला सांगा: पहिल्या पानावर सटन आणि बेकर, दुसऱ्यावर तडजोडीच्या पत्राची तारीख आणि त्यानंतरची शांतता, तिसऱ्यावर त्या तारखेनंतरच्या खर्चाची फोड. खालच्या कोर्टातल्या सुनावणीचा खर्चही मागा. अपील कोर्टाला त्यावरही आदेश करता येतो आणि हे मागायला बहुतेक जण विसरतात. बॅरिस्टरनी तुमचं काम फुकट केलं असतं, तर २००७ च्या लीगल सर्व्हिसेस ॲक्टच्या कलम १९४ नुसार तो खर्च ॲक्सेस टू जस्टिस फाउंडेशनकडं वळवता आला असता. तुमच्याकडं पैसे घेतले आहेत, म्हणून ते लागू नाही.

आदेश झालाच तर पैसे साधारण १४ दिवसांत द्यायचे असतात. नवरा मुदत मागेल. तेव्हा मुलांच्या पोटगीचा हप्ता आणि हा खर्च यांची त्याला सांगड घालू देऊ नका. दोन्ही वेगळे, दोन्ही वेगळ्या कागदावर.